शनिवारचा एलिनॉर ऑस्ट्रॉम अभ्यासवर्ग, राजारामपुरी, कोल्हापूर: करावा का? हो, नक्की करा

आधी निकाल सांगते, कारणं मागनं. हा वर्ग करा. फी बाराशे रुपये, दोन महिने दर शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, पुस्तकांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आणि विषय एकच, एलिनॉर ऑस्ट्रॉम या राज्यशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर नेमकं काय काम केलं. मी ज्युनिअर कॉलेजला राज्यशास्त्र शिकवते. दरवर्षी ॲडमिशनच्या वेळी पालक विचारतात "मॅडम, हे घेऊन पुढं काय" आणि आपण एमपीएससी, वकिली, पत्रकारिता असं सांगत बसतो, पण आपल्या विषयात संशोधन म्हणजे काय असतंय, एखादा माणूस चाळीस-पन्नास वर्षं एका प्रश्नाच्या मागं कसा लागतो हे सांगायला आपल्याकडं गोष्टच नसते. ती गोष्ट इथं मिळाली. अर्थशास्त्राचं नोबेल २००९ साली राज्यशास्त्राच्या बाईंना मिळालं, आणि अर्थशास्त्रात ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला, हे आमच्या स्टाफरूममध्ये किती जणांना माहिती असेल विचारून बघा.

शिकवायला एक निवृत्त प्राध्यापक आहेत. सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की त्यांनी सुरुवात नोबेलपासून केली नाही. पहिले दोन शनिवार तर नोबेलचा न पण उच्चारला नाही. सुरुवात लॉस एंजेलिसमधली १९३३ साली जन्मलेली एक मुलगी, घरात कुणी कॉलेजचं तोंड बघितलेलं नाही, बोलताना अडखळायची म्हणून शाळेत वादविवादाच्या टीममध्ये घातली, तिथनं. शाळेत ट्रिगनॉमेट्री घेऊ दिली नाही, मुलीला काय करायचंय म्हणून, आणि पुढं यूसीएलएला, म्हणजे लॉस एंजेलिसच्याच विद्यापीठात, अर्थशास्त्रात पीएचडी करायची म्हटल्यावर गणित पुरेसं नाही म्हणून दार बंद. म्हणजे एका ठिकाणी गणित शिकू द्यायचं नाही आणि दुसऱ्या ठिकाणी गणित येत नाही म्हणून घ्यायचं नाही. हे ऐकल्यावर वर्गातल्या पोरी एकदम गप्प झाल्या होत्या, कारण आपल्या गावाकडं अजून हेच चालतंय, सायन्सला गाव सोडून जावं लागतं म्हणून पोरीला आर्ट्सला घालायचं आणि मग आर्ट्सवाली म्हणून नाक मुरडायचं. बी.ए. झाल्यावर नोकरी शोधायला गेल्या तर सगळीकडं एकच प्रश्न, टायपिंग येतं का, शॉर्टहँड येतं का. सरांनी हे कुठंही रडगाणं करून सांगितलं नाही, पुढं सरकले, ते बरं केलं.

मग राज्यशास्त्रातली पीएचडी. हा या वर्गाचा सगळ्यात भारी भाग आणि माझ्या मते पैसे इथंच वसूल होतात. तिथले प्राध्यापक व्हिन्सेंट ऑस्ट्रॉम यांच्या सेमिनारमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला दक्षिण कॅलिफोर्नियातलं एकेक भूजल खोरं अभ्यासायला दिलं होतं, यांच्या वाट्याला वेस्ट बेसिन आलं. पुढं १९६३ ला त्या दोघांनी लग्न केलं, पण ते नंतर. तर या खोऱ्यात सगळ्यांनी बोअर मारून मारून पाणी एवढं उपसलं की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालनं आत सरकायला लागलं, किनाऱ्याजवळच्या विहिरी खारट. आता पाठ्यपुस्तकाप्रमाणं इथं दोनच उत्तरं, एक तर सरकारनं ताबा घ्यावा नाही तर हक्क वाटून देऊन बाजारावर सोडावं. पण ऑस्ट्रॉमबाईंनी तिथं जाऊन बैठकांची इतिवृत्तं वाचली, लोकांशी बोलल्या, आणि त्यांना दिसलं ते वेगळंच. पाणी उपसणाऱ्या संस्था, कंपन्या, नगरपालिका यांनी आपली असोसिएशन काढली, कोर्टात गेल्या पण भांडत बसण्यापेक्षा कोर्टाच्या छत्राखाली तडजोड केली, प्रत्येकानं उपसा किती कमी करायचा ते ठरवलं, लक्ष ठेवायला वॉटरमास्टर नेमला, आणि किनाऱ्याला समांतर विहिरींतनं गोडं पाणी आत सोडून खाऱ्या पाण्याला आडवा बांध घातला. १९६५ ला या प्रबंधावर पीएचडी मिळाली.

सरांनी इथं नकाशा काढून एक-एक पायरी दाखवली, कोण कुणाला भेटलं, कुणाला काय भीती होती, एकानं उपसा कमी केला आणि शेजाऱ्यानं केलाच नाही तर काय. आणि हे कोल्हापुरात बसून ऐकताना मनात आपोआप पंचगंगा येतेच. माझ्याबरोबर आमचे तात्या होते, म्हणजे माझे चुलते, करवीर तालुक्यातल्या एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेचे बरीच वर्षं सचिव. त्यांना ओढूनच नेलं होतं मी. या पायरीला तात्या उठले आणि म्हणाले, "सर, आमच्यात उन्हाळ्यात उपसाबंदी लागते तवा बी हेच असतंय, पाटबंधारे खातं तारखा काढतं, पर रात्री कुणाची मोटर चालू हाय हे खात्याला न्हाई, आमाला कळतंय." सर थांबले, फळ्यावरचं पुसलं आणि पुढचा अर्धा तास तात्यांना प्रश्न विचारत बसले, जॅकवेल म्हणजे नदीकाठची पाणी उचलायची विहीर कुणाची, पाळी कोण लावतं, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याचा पगार कोण देतं, शेपटाच्या म्हणजे पाटाच्या अगदी शेवटच्या शेतकऱ्याला पाणी पोचलं नाही तर तक्रार कुणाकडं. मला वाटतं ऑस्ट्रॉमबाईंवरचा वर्ग असाच चालायला पाहिजे. बाईंचं सगळं काम म्हणजे अशा माणसाला समोर बसवून विचारणं.

यातनं एक गोष्ट पक्की डोक्यात बसली आणि ती मी आता बारावीच्या पोरांना सांगते. बाईंची कारकीर्द थिअरीकडनं खाली आली नाही, विहिरीपासनं वर गेली. प्रत्येक टप्प्यावर आधी जाऊन बघणं, मोजणं, मग नियम.

नोकरीची गोष्ट पण ऐकण्यासारखी. १९६५ ला व्हिन्सेंट यांना इंडियाना विद्यापीठात, ब्लूमिंग्टनला जागा मिळाली, बाईंना कुणी विचारलं नाही, नंतर विभागाला पहिल्या वर्षाच्या पोरांना सकाळी साडेसातला अमेरिकन शासनपद्धती शिकवायला कुणीतरी पाहिजे होतं, मंगळवार गुरुवार शनिवार, म्हणून घेतलं. सकाळी साडेसातचं लेक्चर कुणाच्या गळ्यात पडतं हे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, काम केलेल्या सगळ्यांना माहीत आहे. तिथनं १९७४ ला पूर्ण प्रोफेसर, पुढं विभागप्रमुख, १९९६-९७ ला अमेरिकन पॉलिटिकल सायन्स असोसिएशनच्या अध्यक्ष, १९९९ ला स्वीडनचं राज्यशास्त्रातलं योहान स्किट्टे पारितोषिक. आणि शेवटपर्यंत विद्यापीठ तेच, ब्लूमिंग्टन. मोठं नाव झाल्यावरही गाव सोडलं नाही, हे तात्यांना फार आवडलं.

पोलिसांच्या अभ्यासावरचा शनिवार वेगळा ठेवला होता, तोही चांगला झाला. १९७० च्या आसपास अमेरिकेत सगळे म्हणत होते की लहान लहान पोलीस खाती मोडून एकच मोठं करा, म्हणजे काम चांगलं होईल. बाईंनी विद्यार्थ्यांना घेऊन इंडियानापोलिसमध्ये लहान स्वतंत्र खात्यांची वस्ती आणि तशाच प्रकारची पण शहराच्या मोठ्या खात्याखाली येणारी वस्ती शेजारी शेजारी ठेवून बघितली, घरोघरी जाऊन विचारलं, फोन केल्यावर किती वेळात आले, गस्त दिसते का. मग शिकागोतल्या गरीब काळ्या वस्त्यांत, मग सेंट लुईसमध्ये. गस्त आणि तातडीनं येणं अशा कामात मोठं खातं लहानापेक्षा सरस ठरलेलं एकदाही सापडलं नाही, पण गुन्ह्याची प्रयोगशाळा, वायरलेस यंत्रणा अशा कामांना मोठा आकार उपयोगी पडतो हेही त्यांनी तितक्याच प्रामाणिकपणे लिहिलं. लहान ते सगळं चांगलं असं त्यांनी कधी म्हटलं नाही. वर्गात यावर हद्दवाढीचा, म्हणजे आसपासची गावं महापालिकेत घ्यायचा, विषय निघाला, निघणारच, कोल्हापुरात दुसरं काय निघणार, आणि शहरातले एका बाजूला आणि उपनगरातले दुसऱ्या बाजूला असा चांगलाच आवाज चढला. सरांनी कुणाचीच बाजू घेतली नाही, फक्त एवढं विचारलं की कुठलं काम कुठल्या आकाराला झेपतं ते कामागणिक सांगा, पाणी वेगळं, कचरा वेगळा, बस वेगळी. एवढ्या एका प्रश्नानं चर्चा जागेवर आली.

१९७३ ला नवरा-बायकोनं मिळून ब्लूमिंग्टनला वर्कशॉप सुरू केलं, राज्यशास्त्राच्या सिद्धांताचं आणि धोरणाच्या अभ्यासाचं. दोघं एका सुताराकडनं लाकूडकाम शिकत होते, स्वतःचं फर्निचर स्वतः करत होते, आणि संशोधन पण तसंच हाताला हात लावून शिकायचं असतं अशी त्यांची धारणा. पोरं, प्राध्यापक, परदेशातनं आलेले पाहुणे सगळे एका टेबलाला, अर्थशास्त्र मानववंशशास्त्र वनशास्त्र काही बंधन नाही. हा भाग सरांनी पटकन उरकला. मला अजून ऐकायचं होतं कारण आपल्याकडं पीएचडीची पोरं गाइडच्या केबिनबाहेर उभी राहण्यात वर्षं घालवतात, त्यांना हे ऐकायची गरज आहे.

आता मुख्य पुस्तक, गव्हर्निंग द कॉमन्स, १९९०. त्याआधी १९६८ ला गॅरेट हार्डिन नावाच्या जीवशास्त्रज्ञानं सायन्स मासिकात लिहिलं होतं की गायरान सगळ्यांचं असलं की प्रत्येकजण आपली जनावरं वाढवत जाणार आणि गायरानाचा नाश ठरलेला, सुटका नाही. जगभर हे प्रमाण मानलं गेलं. ऑस्ट्रॉमबाईंनी जगभरातले जुने-नवे अभ्यास गोळा केले आणि दाखवून दिलं की शेकडो वर्षं लोक हे सांभाळत आलेत. स्वित्झर्लंडमधलं टोर्बेल गाव, तिथं १५१७ चा नियम आहे की हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जेवढ्या गाई पोसता येतात तेवढ्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणात सोडायच्या. तुर्कस्तानात अलान्याचे मच्छीमार सप्टेंबरमध्ये चिठ्ठ्या टाकून जागा वाटून घेतात आणि रोज एकेक जागा पुढं सरकतात, म्हणजे चांगली जागा सगळ्यांच्या वाट्याला. स्पेनमध्ये वॅलेन्सियात पाण्याचं कोर्ट दर गुरुवारी चर्चच्या दारात बसतं, शेतकरीच न्यायाधीश, कागद नाही वकील नाही, तिथल्या तिथं निकाल. या वॅलेन्सियाच्या वेळी मागच्या बाकावरनं "नाद खुळा" असा आवाज आला आणि सगळा वर्ग हसला. आणि बाईंनी फसलेली उदाहरणं पण तितक्याच बारकाईनं दिलीत, तुर्कस्तानातलंच बोद्रुम, श्रीलंकेतलं मावेल्ले, तिथं नियम टिकले नाहीत आणि का टिकले नाहीत.

त्या पुस्तकातली आठ तत्त्वं सरांनी पाठ करायला लावली नाहीत, तात्यांच्या संस्थेवर लावून बघितली. सभासद कोण आणि क्षेत्र किती हे ठरलेलं पाहिजे, नियम त्या जागेला आणि पिकाला धरून पाहिजेत, नियम बदलण्यात वापरणाऱ्यांचा आवाज पाहिजे, लक्ष ठेवणारा त्यांनाच जबाबदार पाहिजे, शिक्षा हळूहळू वाढत जाणारी पाहिजे, भांडण स्वस्तात आणि जवळ मिटलं पाहिजे, सरकारनं त्यांचा संघटित व्हायचा हक्क मानला पाहिजे, आणि व्याप मोठा असला तर लहान संस्थांवर मोठी संस्था अशी थरावर थर रचना पाहिजे. शिक्षेच्या मुद्द्याला तात्या म्हणाले, आमच्यात पहिल्यांदा नुसतं बोलवून सांगत्यात, मग दंड, मग एक पाळी बंद, एकदम कनेक्शन तोडलं तर माणूस कायमचा वैरी होतो आणि त्याचं शेत वाळलं तर त्याची पोरंबाळं काय खाणार. सर म्हणाले, हे तुम्ही पुस्तक न वाचता सांगताय. धुळ्याकडच्या पांझरा नदीवरच्या फड या सिंचन पद्धतीचा पण त्यांनी उल्लेख केला, शेकडो वर्षं शेतकऱ्यांनीच चालवलेली. त्यावर अजून अर्धा तास दिला असता तर बरं झालं असतं, आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण आहे.

नेपाळचा अभ्यास पण छान मांडला. दोनशेहून जास्त सिंचन योजनांची माहिती गोळा केली, काही सरकारी खात्यानं चालवलेल्या, काही शेतकऱ्यांनी. सरकारीत बांधकाम पक्कं, सिमेंटचं, शेतकऱ्यांचं दगड-माती-फांद्यांचं, तरी शेपटापर्यंत पाणी पोचवण्यात एकंदरीत शेतकऱ्यांच्याच योजना पुढं. एका शनिवारी सरांनी प्रयोग पण करून घेतला. वाटीत खडे, प्रत्येक गटानं उचलायचे, जेवढे उरतील त्याच्या दुप्पट परत टाकणार. पहिल्या फेरीत बोलायचं नाही, वाटी दोन मिनिटांत रिकामी. दुसऱ्या फेरीत आपसांत बोलायची परवानगी, आणि वाटी शेवटपर्यंत टिकली. इंडियानाच्या प्रयोगशाळेत बाईंनी सहकाऱ्यांबरोबर याच धर्तीचे प्रयोग केले होते, आणि तिथंही नुसतं एकमेकांशी बोलू दिल्यावर ओरबाडणं खूप कमी झालं. मी हा खेळ आता कॉलेजात घेते, खर्च शून्य.

आता जे पटलं नाही ते. शेवटच्या एका शनिवारात नोबेल, हवामान बदल, टीका आणि प्रश्नोत्तरं असं सगळं कोंबलं. ऑलिव्हर विल्यमसन यांच्याबरोबर नोबेल वाटून मिळालं, आपल्या वाट्याची रक्कम बाईंनी विद्यापीठातल्या कामाला देऊन टाकली, जानेवारी २०११ मध्ये हैदराबादच्या परिषदेला त्या आल्या होत्या, १२ जून २०१२ ला गेल्या आणि सतराच दिवसांनी व्हिन्सेंटही गेले, हे सगळं धावत. माझी खरी तक्रार टीकेबद्दल आहे. त्यांच्या मांडणीत सत्तेचा आणि विषमतेचा विचार कमी पडतो असं बरेच अभ्यासक म्हणतात आणि हा प्रश्न कोल्हापुरात तर पहिल्या दिवशी विचारायला पाहिजे. पाणीपुरवठा संस्थेचा सभासद कोण, ज्याच्या नावावर सातबारा तो. त्याच उसात भांगलण म्हणजे खुरपणी करणाऱ्या बायकांचा सभेत आवाज नाही, भूमिहीनाचा नाही, नदीच्या खालच्या अंगाला घाण पाणी पिणाऱ्या गावाचा नाही. सभासदांपुरती संस्था एकदम आदर्श आणि बाहेरच्यांना दार बंद, असं होऊ शकतंच की. एका मुलीनं हा प्रश्न विचारला, फार चांगला विचारला, आणि सरांनी उत्तर दिलं की बाई स्वतःच सांगत होत्या की सगळीकडं चालणारा एकच तोडगा शोधू नका, प्रत्येक ठिकाणी आधी नीट तपासा. उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. पुढच्या बॅचला यासाठी एक पूर्ण शनिवार ठेवा, आणि भांगलणीला जाणाऱ्या एखाद्या मावशींना तात्यांसारखंच पुढं बसवून विचारा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरं, एवढं सगळं बंद खोलीत का? पाऊस संपल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर काढतात, ते कोण घालतं, कधी घालायचं कोण ठरवतं, वेळेत काढले नाहीत तर पूर कुणाच्या शेतात जातो, हे बंधाऱ्यावर उभं राहून बघायला पाहिजे. एक शनिवार तिकडं न्या, जादा पैसे घ्या हवं तर, लोक देतील.

बाकी सोयींचं थोडक्यात. जिना अरुंद आणि उंच आहे, गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांना अवघड, तात्यांना दर वेळी मधे थांबावं लागायचं. खुर्च्या प्लास्टिकच्या, दोन तास बसल्यावर पाठ धरते. वाचायला दिलेल्या झेरॉक्स इंग्रजीत आणि काही पानं पुसट, निदान दोन-दोन पानांचा मराठी सारांश जोडायला पाहिजे, कारण वर्गातले निम्मे लोक तात्यांसारखे आहेत ज्यांना विषय आपल्यापेक्षा जास्त कळतो पण इंग्रजी वाचवत नाही. चहा मधल्या सुट्टीत मिळतो, चांगला असतो. शनिवारी संध्याकाळी राजारामपुरीत गाडी लावायला जागा मिळत नाही, पाच-सात मिनिटं चालायची तयारी ठेवा. दुकानात पुस्तकांवर वर्गातल्या लोकांना सवलत आहे, पण बाईंचं मूळ पुस्तक ऑर्डर देऊन मागवावं लागतं आणि यायला वेळ लागतो, त्यामुळं वर्ग सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवा.

कुणी यावं? राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्राच्या मुलांनी तर यावंच, नेट-सेटवाल्यांना पण उपयोग आहे, पण नुसत्या नोट्स पाहिजेत म्हणून येणार असाल तर नाराज व्हाल, इथं नोट्स देत नाहीत. सोसायटीचे, दूध संस्थेचे, पाणी संस्थेचे पदाधिकारी असतील तर त्यांनी जरूर यावं आणि गप्प बसू नये. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे असं दुकानात सांगितलं, जागा मोजक्या असतात, नाव आधी नोंदवा. तात्यांनी त्यांच्या संस्थेतल्या दोघांची नावं आत्ताच देऊन ठेवलीत.